बॅटरीला झरा नसतो

बहात्तर सालच्या मार्चमध्ये आमच्याकडे वादळ झालं, गारा पडल्या आणि वीज गेली. नेहमीसारखी तासा-दोन तासांसाठी नाही. कोल्हारची गेली, राहात्याची गेली, पार नगरपर्यंत अंधार झाला. कोणी म्हणे मोठ्या लाइनचे मनोरे आडवे झालेत, कोणी म्हणे दोन दिवसांत येईल, कोणी म्हणे आता पाडव्यालाच. वायरमनला विचारलं की तो बोट वर करून म्हणायचा, "वरूनच न्हाई." वर म्हणजे कुठे, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. रोज सायकलवरून यायचा, खांबाकडे बघायचा, चहा प्यायचा आणि जायचा. मला तो माणूस दिसला तरी डोकं उठायचं.

माझं डोकं उठायला कारणही तसंच होतं. लग्नाआधी मी मॅट्रिकला बसले होते आणि दोन विषयांत गेले होते. सामान्य विज्ञान आणि इतिहास-भूगोल. बाकीच्या विषयांची सूट मिळाली होती, हे दोन निघाले की मॅट्रिक पास, आणि मॅट्रिक पास झालं की मास्तरणीच्या ट्रेनिंगला अर्ज करता येत होता. लग्न होऊन मी नगरहून कोल्हारजवळच्या या वस्तीवर आले. रस्त्यापासून दोन मैल आत, पाटाच्या कडेला आमचं घर. मामांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, परीक्षेचं विचारायला मला दीड वर्ष लागलं. तेही मी विचारलं नाही, नवऱ्याकडून विचारलं. मामा म्हणाले, "एकदा बसू दे. एकदाच." मामांचा एकदाच म्हणजे एकदाच असायचा. त्यांनी विडी सोडली तीही एकदाच सोडली होती.

त्या 'एकदाच'ला आठ दिवस उरले असताना वीज गेली.

वस्तीवर वीज येऊन तीन वर्षं झाली होती. तीन वर्षांत लोक असे वागायला लागले होते की जणू आजोबा-पणजोबांपासून घरात बटणं आहेत. आमच्या घरातल्या कंदिलांच्या काचा फुटल्या त्या कोणी बदलल्या नाहीत. धड असा एकच कंदील उरला होता आणि तो गोठ्यात मामांच्या उशाशी असायचा, कारण गाईचे दिवस भरत आले होते. त्या कंदिलाला कोणी हात लावत नसे. स्वयंपाकघरात एक चिमणी होती, ती भाकरीपुरती मिणमिणायची. रॉकेल दुसऱ्याच दिवशी दुकानातून गायब झालं. दिवसभर मला शेतातलं, घरातलं काम, आणि संध्याकाळी पुस्तक उघडावं तर अक्षर दिसत नाही. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

अशा वेळी आमच्या घरच्या शहाण्याला कल्पना सुचली. माझ्या नवऱ्याकडे फटफटी होती. जुनीच, नगरहून आणलेली, पण आख्ख्या वस्तीत एकटी. तिच्यावर दुधाच्या किटल्या बांधून तो रोज सकाळी कोल्हारला दूध घालून यायचा. संध्याकाळी तिला ओट्यावर चढवायचा, पुसायचा, झाकायचा. एवढी पुसापुशी त्याने स्वतःच्या तोंडाची कधी केली नाही. वीज गेल्याच्या तिसऱ्या दिवशी त्याने फटफटीच्या बॅटरीपासून दोन वायरी खिडकीतून आत घेतल्या, माझ्या बसायच्या जागेवर भिंतीच्या खिळ्याला एक छोटा बल्ब टांगला आणि वायर चिकटवली. पिवळा का होईना, लख्ख उजेड पडला. आत्याबाई, माझ्या सासूबाई, चुलीपुढून उठून बघायला आल्या. मला तर रडूच आलं. मी पुस्तक उघडलं आणि दोन तास मान वर केली नाही.

"बॅटरी संपायची नाही का?" मी विचारलं.

"संपती कशी? विहिरीवानी असतं ते. सांजच्याला उपसली तरी रातच्याला झरा चालू ऱ्हातो. सकाळी भरलेली."

आमच्याकडची माणसं सगळं काही विहिरीवरून समजून घेतात. बाळंतिणीचं दूध विहिरीवरून, पाहुण्याचा स्वभाव विहिरीवरून. आमची विहीर रोज संध्याकाळपर्यंत तळाला जायची आणि पहाटे पाच-सहा हात चढलेली असायची, हे त्याने लहानपणापासून पाहिलेलं. आणि खरंच, दुसऱ्या दिवशी सकाळी फटफटी पहिल्या लाथेला सुरू झाली. तिसऱ्या दिवशीही झाली. त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू बॅटरीचा शोध त्यानेच लावला. मग मीही गप्प बसले.

आता खरं सांगते. पेपरच्या तीन दिवस आधी त्याच बल्बच्या उजेडात मी विजेचा धडा वाचत होते. त्यात संचायक घटाची आकृती होती. शिशाच्या पट्ट्या, आम्ल, सगळं. खाली स्वच्छ लिहिलेलं होतं की हा घट वापरला की रिकामा होतो आणि बाहेरून वीज दिल्याशिवाय पुन्हा भरत नाही. मी ते दोनदा वाचलं. फटफटी सकाळी सुरू होते ती रात्रीच्या विश्रांतीमुळे नाही, दिवसभर पळते तेव्हा तिच्यातला डायनामो बॅटरी भरतो म्हणून, हे मला तिथल्या तिथे कळलं. आणि मी पान उलटलं.

नेमकं तेव्हाच त्याने दुसरं शहाणपण केलं. रस्त्यावरच्या पेट्रोल पंपाची मोटर विजेवर चालायची. हाताने फिरवायचा दांडा होता म्हणे, पण तो कुठे ठेवलाय ते मालकाला आठवत नव्हतं. पेट्रोल मिळेना. तेव्हा माझ्या पेपरसाठी टाकीतलं पेट्रोल राखून ठेवायचं म्हणून त्याने फटफटी ओट्यावरच ठेवली. तीन दिवस किटल्या शेजारच्या वस्तीवरचा सायकलवाला नेत होता. म्हणजे फटफटी दिवसभर उभी आणि संध्याकाळी माझा दिवा चालू. त्याला वाटत होतं, बॅटरीला आता दिवसाचाही आराम मिळतोय, तुडुंब भरली असेल. शेवटच्या संध्याकाळी बल्ब लाल पडत गेला, तर म्हणाला, "उन्हाळा हाय, झरे आटत्यात थोडे."

पेपर अकराला, राहात्याला. वीस-बावीस किलोमीटर. मी म्हणत होते की साडेआठच्या एस.टी.ने जाऊ, सातला चालत निघू. "घरात फटफटी असताना येस्टी? लोक काय म्हंतील?" लोक काय म्हणतील याची त्याला फार काळजी. नऊला मी नेसून, हॉल तिकीट पिशवीत घालून ओट्यावर उभी. त्याने देवाला हात जोडले, फटफटीला हात जोडले आणि लाथ मारली.

काही नाही.

दहा लाथा, वीस लाथा. किल्ली फिरवली की समोर एक लाल दिवा लागायचा, तोही लागेना. त्या फटफटीला सुरू व्हायलासुद्धा बॅटरीतली वीज लागायची. तेवढीही तिच्यात उरली नव्हती. मग वस्तीवरची माणसं जमली. वीज नसल्यामुळे मोटारी बंद, पाण्याची पाळी नाही, सगळे रिकामेच होते. एकाने प्लग काढून चुलीत तापवला. एकाने टाकीला कान लावून ती हलवली. एक म्हातारबा, ज्यांनी आयुष्यात बैलगाडीखेरीज काही हाकलं नाही, ते बसल्या जागेवरून सांगत होते की हिला उलटी ढकला, म्हणजे अडकलेलं सुटतं. उंटावरून शेळ्या हाकायला आमच्याकडे उंटही लागत नाही, पाराचा दगड पुरतो. आणि लोकांनी खरंच ती उलटी ढकलली! मग सुलटी ढकलली. पाटाच्या भरावावर नेली, उतारावरून सोडली, खालपर्यंत नुसती खडखडत गेली. आत्याबाई मीठ-मोहऱ्या घेऊन आल्या आणि फटफटीवरून उतरवून टाकल्या. "लोकांच्या डोळ्यात यायली हुती मेली," म्हणाल्या.

मी उभीच. साडेआठची गाडी केव्हाच गेलेली. साडेनऊ झाले. एवढ्या सगळ्या माणसांत एकानेही मला विचारलं नाही की बाई, तुला पोचायचं कितीला? सगळे फटफटीला पोचवायच्या मागे. आणि मला तर ठाऊक होतं की तिला काय झालंय! पुस्तकाचं पान माझ्या डोळ्यांपुढे होतं. पण चार पुरुष आणि समोर सासरे उभे असताना सुनेने पुढे होऊन म्हणायचं, 'अहो, तुमची बॅटरी रिकामी आहे, विहीर-बिहीर काही नाही'? राग मात्र डोक्यात भरत चालला होता.

शेवटी मी पिशवी काखेत मारली, पदर खोचला आणि चालायला लागले. मागून नवऱ्याची हाक आली, "अगं थांब, आता व्हतीयाच चालू!" मी वळले नाही. मग तो फटफटी ढकलत मागून निघाला. ती घरी ठेवून यावं हे त्याला सुचलं नाही. दोन मैल मी पुढे आणि तो मागे, घामाघूम, ढकलतोय. मध्येच थांबून एक लाथ मारून बघतोय. त्या लाथेचा आवाज आला की माझी पावलं आणखी झपझप पडायची.

रस्त्यावर आलो तेव्हा दहा वाजून गेले होते. फाट्यावर एक चहाचं हॉटेल होतं. एक एस.टी. आली, खच्चून भरलेली, थांबली नाही. मग राहात्याच्या बाजूला ऊस भरायला निघालेला कारखान्याचा रिकामा ट्रक आला. मी रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिले. ड्रायव्हरने ब्रेक दाबून आधी शिव्याच घातल्या असत्या, पण बाईमाणूस बघून नुसतं तोंड उघडं टाकलं. मी म्हटलं, "राहात्याला माझा पेपर आहे." तो म्हणाला, "बसा, ताई." मी नवऱ्याकडे बघितलं. तो एका हाताने फटफटी धरून उभा. ती सोडून ट्रकमध्ये चढावं की बायकोला परक्या ट्रकमध्ये एकटी जाऊ द्यावं, यातलं काहीच त्याला ठरवता येईना. ते मी ठरवलं. चढले आणि दार ओढून घेतलं.

ड्रायव्हर बिचारा मला शाळेच्या फाटकापाशी उतरवून निघून गेला. मी वर्गात शिरले तेव्हा अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. अर्ध्या तासापर्यंत आत घेत असत. सुपरवायझरांनी घड्याळ बघितलं, मला बघितलं, माझ्या केसांतला उसाचा पाचोळा बघितला आणि पेपर हातात दिला.

तिसरा प्रश्न होता: संचायक घटाची आकृती काढून त्याचे कार्य सांगा.

मला हसू आलं नाही. अंगाची नुसती लाही झाली. आकृती मी काढली, पट्ट्यांना नावं दिली, आणि 'बाहेरून विद्युत प्रवाह दिल्याशिवाय घट पुन्हा भारित होत नाही' हे वाक्य लिहिताना टाक इतका दाबला की खालच्या पानावर वळ उमटले. हे उत्तर मला तीन दिवस आधी येत होतं. पेपर तपासणाऱ्या अनोळखी मास्तरला मी ते सांगत होते आणि ज्याला सांगायचं त्याला सांगितलं नव्हतं.

दोनला बाहेर आले तर फाटकाबाहेर फटफटी धडधडत उभी! तिच्यावर माझा नवरा. मागे कॅरियरला दावणीच्या दाव्याने बांधलेली एक भलीमोठी बॅटरी, तिच्यातून दोन वायरी सीटखाली गेलेल्या. फाट्यावरच्या हॉटेलवाल्याचा रेडिओ बॅटरीवर चालायचा, तीच तो संध्याकाळच्या बोलीवर मागून घेऊन आला होता. त्यातलं आम्ल हिंदकळून त्याच्या पांढऱ्या पायजम्याला मागून भोकंच भोकं पडली होती. लग्नातला पायजमा.

"केव्हा आलात?"

"साडेबाराला."

"मग ही अशी चालूच?"

"बंद केली आन पुन्हा चालूच न्हाई झाली तर?"

दीड तास! ज्या पेट्रोलसाठी तीन दिवस फटफटी उभी ठेवली, ते दीड तास शाळेच्या फाटकाबाहेर जाळलं. मी डोक्यावर हात मारला. बसले मागे त्या बॅटरीला सांभाळत, लुगडं आवरत. आणि व्हायचं तेच झालं. फाटा मैलभर राहिला असताना फटफटी दोनदा उचक्या देऊन थांबली. आता बॅटरी होती तर पेट्रोल नव्हतं.

उतरलो. तो हँडल धरून, मी मागून ढकलत. ऊन उतरायला आलेलं. थोडं अंतर गेल्यावर तो म्हणाला, "आता बॅटरीला चार दिस पुरा आराम देऊ. तुझा दिवा बी न्हाई आन मी बी हात लावत न्हाई. मग बघ कशी चढती."

तिथे माझा बांध फुटला.

"चार दिवस ठेवा नाही तर चार वर्षं ठेवा, ती चढणार नाही! बॅटरी म्हणजे विहीर नाही. तिला झरा नसतो. ती गाडी पळाली की भरते, नाही तर नाही. पुस्तकात लिहिलंय. आज पेपरात तोच प्रश्न होता."

तो चालायचा थांबला. "पुस्तकात हुतं?"

"होतं."

"कवा वाचलंस?"

खोटं बोलता आलं असतं. पण अंगात राग असला की माणूस खरं बोलतं. "तीन दिवस झाले. तुमच्याच दिव्याखाली."

"मग सांगितलं का न्हाई?"

"दिवा काढला असता तुम्ही."

मला वाटलं, आता तो चिडेल. चिडायला हवं होतं, मला ते परवडलं असतं. तो खाली वाकला, फटफटीचा स्टँड नीट वर केला आणि पुन्हा ढकलायला लागला. "न्हाई काढला असता," एवढंच म्हणाला. "दुसरं कायतरी केलं असतं."

हॉटेलवाल्याची बॅटरी परत करून घरी पोचायला दिवेलागण झाली. दिवेलागण म्हणायची पद्धत म्हणून, लागत काहीच नव्हतं. मामा गोठ्यापुढे बसले होते. त्यांनी लेकाचा पायजमा बघितला आणि काय झालं म्हणून विचारलं. त्याने सगळं सांगितलं. बॅटरीला झरा नसतो हेही सांगितलं, आणि ते कोणी सांगितलं तेही. मी दाराआड उभी होते.

"सूनबाई," मामांनी हाक मारली. "पेपर मिळाला का न्हाई?"

"मिळाला. लिहिला."

"उद्या कशाचा?"

"इतिहास-भूगोल."

"वाचून झालाय?"

"भूगोल राहिलाय. अर्धा." त्यांच्याशी एवढं सलग मी प्रथमच बोलत होते.

मामा उठले, गोठ्यात गेले, कंदील घेऊन आत आले आणि ज्या खिळ्याला बल्ब टांगला होता त्याच खिळ्याला त्यांनी तो अडकवला. मी म्हटलं, "गाईचं काय?"

"गाय काय वाचायला बसली न्हाई," ते म्हणाले. मग काच जरा वर करून वात नीट केली. "पयल्याच दिशी दिला असता. मागितला का न्हाई?"

मागितला नाही, कारण तो मामांचा कंदील होता. कारण सून मागत नसते. कारण नवऱ्याने दिवा दिला तो घेतला आणि पुस्तकात खरं सापडलं ते दाबून ठेवलं. आठ दिवस मी वायरमनवर चिडले, पंपवाल्यावर चिडले, नवऱ्यावर तर क्षणोक्षणी चिडले, आणि कंदील पंधरा पावलांवर जळत होता. ते तिघे चुलीच्या उजेडात जेवले. मामा आतून म्हणाले, "मोठ्यानं वाच गं, आमी बी ऐकतो." मी बंगालातल्या तागाचं वाचायला सुरुवात केली आणि दोन ओळींनंतर थांबले. मग पाणी प्यायले आणि पुन्हा वाचलं. दुसऱ्या दिवशी साडेआठच्या एस.टी.ने गेले. वीज त्यानंतर तीन दिवसांनी आली.

जूनमध्ये निकाल लागला. दोन्ही विषय सुटले. पुढे ट्रेनिंग केलं आणि तीस वर्षं मी आसपासच्या शाळांत शिकवलं. तापट बाई म्हणूनच मला ओळखत. मुलं गोंगाट करायची तेव्हा मी फारशी ओरडत नसे, गणित चुकलं तरी नाही. पण एखादी मुलगी, उत्तर येत असून, मान खाली घालून गप्प बसलेली दिसली की माझा पारा चढायचा. टेबलावर हात आपटून मी विचारायची, "येतंय ना? मग सांगत का नाहीस?" मुली दचकायच्या. त्यांना वाटायचं, बाई त्यांच्यावर चिडल्यात.